नावं झाकून वाचलेला नकाशा

पाणलोटाच्या कामावर नव्यानं आलेल्या मुलाच्या हातात टोपोशीट दिली की तो आधी स्वतःचं गाव शोधतो. ते त्या शीटवर नसलं तर मामाचं गाव, बायकोचं माहेर, निदान जत्रेला गेलेला एखादा डोंगर. बोट नावांवरून फिरत राहतं आणि ओळखीचं काही सापडलं की चेहरा खुलतो. नाना हे सगळं चहा संपेपर्यंत होऊ देत. मग शीट गुंडाळून कपाटात ठेवत आणि त्या मुलापुढे ट्रेसिंग पेपरचा एक मोठा तुकडा पसरत. त्यावर नानांनी त्याच शीटवरून उतरवलेल्या समोच्च रेषा आणि ओढे असत, बाकी काही नाही. गाव नाही, रस्ता नाही, देऊळ नाही. "आता सांगा, पाणी कुठनं कुठं जातंय," एवढंच म्हणून ते आपल्या कामाला लागत.

अकोले तालुक्यातल्या एका पाणलोट प्रकल्पावर मी रुजू झाले तेव्हा नाना भूमापनातून निवृत्त होऊन आमच्या संस्थेत सल्लागार म्हणून येत असत. पद मोठं, मानधन किरकोळ. आमचं काम म्हणजे डोंगरमाथ्यापासून ओढ्याच्या मुखापर्यंत सगळं शिवार पालथं घालायचं आणि सलग समतल चर कुठे, दगडी बांध कुठे, गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध कुठे हे ठरवायचं. हे सगळं पायी, कारण माथ्याकडच्या कामापर्यंत जीप जात नाही. साहजिकच प्रत्येकाला वाटायचं की पहिल्याच दिवशी बूट घालावेत आणि निघावं. नानांच्या हाताखाली सुरुवातीचे बरेच दिवस टेबलापाशीच जात. गावातून निरोप यायचा, मॅडम शिवारात कधी येणार? नाना सांगत, "तिला अजून शिवार दिसत नाही, येऊन काय करील?" तेव्हा राग यायचा. आता नव्या मुलांना मी तेच सांगते आणि त्यांना माझा राग येतो.

समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा, हे भूगोलाच्या पुस्तकात सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. परीक्षेपुरतं ते पुरतं. ट्रेसिंगवर वेगळंच कोडं समोर येतं. इंग्रजी व्ही अक्षरासारखे शेकडो कोन एकामागं एक, काहींची टोकं इकडे, काहींची तिकडे. यातली डोंगराची सोंड कुठली आणि घळ कुठली? टोक चढाकडे असेल तर घळ, उताराकडे असेल तर सोंड, हा नियम कुणीही सांगेल. पण चढ कोणत्या अंगाला आहे हेच ठाऊक नसेल तर नियमाचा काय उपयोग? मग रेषांवरचे उंचीचे आकडे हुडकायचे. आकडा सापडला नाही तर दोन ओढे कुठे मिळतात ते बघायचं. मिळून पुढे जी एक रेघ जाते ती उताराची बाजू. एवढं बसलं की सगळा कागद एकदम वर येतो. काहींच्या बाबतीत ते अर्ध्या तासात होतं, काहींना आठवडा लागतो. हुशारीशी त्याचा फारसा संबंध दिसला नाही. गुरं राखलेल्या मुलांना ते लवकर जमतं, इंजिनिअरिंगची पदविका घेतलेल्यांना उशिरा, हा माझा अनुभव.

त्यानंतर पेन्सिली. निळ्या पेन्सिलीनं सगळ्या घळी ओढायच्या, नकाशावर तिथे ओढा दाखवला नसला तरी. लाल पेन्सिलीनं सगळ्या धारा, म्हणजे डोंगराच्या आणि सोंडांच्या माथ्यावरच्या रेघा. लाल रेघेनं निळीला छेदायचं नाही. छेदलं तर पाणी डोंगर चढून गेलं असा अर्थ होतो. लाल रेघेची दोन्ही टोकं ओढ्याच्या मुखाशी येऊन मिळाली की आत जे कोंडलं गेलं ते आपलं पाणलोट क्षेत्र. नाना हे काम तीन-तीनदा करून घेत, आणि दर वेळी कोरा ट्रेसिंग देत.

मोजमापाचा भाग त्या मानानं सरळ आहे. १:५०,००० या प्रमाणात कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचा उंचफरक, आणि दर पाचवी रेष जाड, म्हणजे जाड रेषेपासून जाड रेषेपर्यंत १०० मीटर. दोन रेषांत दोन मिलिमीटर जागा असेल तर शंभर मीटर अंतरात वीस मीटर चढ, म्हणजे वीस टक्के उतार. एकच मिलिमीटर असेल तर चाळीस टक्के, तिथे पाठीवर पिशवी असलेला माणूस बोलायचं थांबतो. आम्हाला हे उतार चरांसाठी लागत, कारण कोणत्या उतारावर कोणतं काम टिकतं हे त्यावर ठरतं. पण चालणाऱ्यालाही तोच हिशेब हवा असतो.

रंगीत शीट परत हातात आली तेव्हा मला पहिला धक्का बसला तो ओढ्यांच्या रंगाचा. निळ्या रेघा थोड्या, काळ्या भरपूर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या शीटवर वाहत्या पाण्याला निळा रंग असतो आणि कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांना काळा. अकोल्याच्या पश्चिमेला, मुळा आणि प्रवरा जिथे उगम पावतात त्या सह्याद्रीच्या कडेला, पाऊस धो धो पडतो. तरी माझ्या टेबलावरच्या शीटवर बहुतेक ओढे काळेच होते. पाऊस आहे आणि पाणी थांबत नाही, ही गोष्ट प्रकल्प अहवालाच्या पहिल्या चार पानांत लिहिली होती. नकाशावर ती एका नजरेत होती.

बारीक खुणाही अशाच. ओढ्याच्या काठाशी '५ आर' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काठ तळापासून पाच मीटर उंच आहे. हा आकडा टेबलावर वाचलेला असेल तर ओढा कुठे ओलांडायचा हे तिथेच ठरतं. वाचलेला नसेल तर काठावर उभं राहून खाली बघत बसावं लागतं. आखीव ठिपक्यांची तांबडी रेघ म्हणजे पायवाट, तुटक रेघ म्हणजे लादलेलं जनावर जाईल अशी वाट. डोंगरमाथ्यांवर छोटा त्रिकोण आणि शेजारी उंची असते. ते त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं ठाणं. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळून हे काम सुरू केलं आणि उत्तरेकडे सरकत सरकत ते आपल्या हिंगणघाटपर्यंत आले. १८२३ साली तिथेच त्यांचा मृत्यू झाला, कबरही तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतलं आणि नाव हिमालयातल्या शिखराला त्यांचं लागलं. विदर्भातल्या किती शाळांमध्ये ही हकीकत सांगितली जाते कोण जाणे. त्रिकोणाच्या जागी प्रत्यक्ष गेलात तर खडकात कोरलेलं वर्तुळ आणि मधे टिंब सापडण्याचा संभव असतो, आणि ते सापडलं की तुम्ही नकाशावर नेमके कुठे आहात याबद्दल वाद उरत नाही.

पण नानांनी दिलेली सगळ्यात उपयोगी शिकवण होती ती नकाशावरच्या कोणत्या गोष्टीवर किती विश्वास टाकायचा याची. शीटच्या समासात सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं. आमच्याकडच्या जुन्या शीटचं सर्वेक्षण १९७२च्या दुष्काळाआधीचं होतं. त्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीतून महाराष्ट्रभर पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, डोंगरातून रस्ते गेले. त्या शीटवर यातलं काही नव्हतं. म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. तो त्या वर्षापुरता खरा आहे. पायवाट सगळ्यात आधी म्हातारी होते. पलीकडच्या गावाला एसटी सुरू झाली की खिंडीतली वाट दोन-चार पावसाळ्यांत कारवीखाली जाते आणि तांबडे ठिपके तेवढे कागदावर उरतात. त्याखालोखाल जंगलाचा हिरवा रंग आणि शेताचा पिवळा. मग विहिरी, घरं. ओढे बरेच टिकतात, तरी पूर आला की पात्र बदलतं. डोंगराचा आकार मात्र आपल्या हयातीत बदलत नाही, खाणवाल्यांनी मनावर घेतलं नाही तर. बहुतेक लोक नकाशा नेमका उलट्या क्रमानं वाचतात. आधी नावं, मग वाट, आणि अडचण आली की मग समोच्च रेषा. नावं झाकण्यामागं नानांचा हेतू हा होता, हे मला उशिरा कळलं.

सह्याद्रीत या समोच्च रेषाही नीट विचारून घ्याव्या लागतात. वीस मीटरच्या अंतराची रेषा पंधरा मीटरचा कातळ सहज गिळते. एका रेषेच्या वर तो सुरू होतो, पुढची रेषा येण्याआधी संपतो, आणि कागदावर दिसतो फक्त थोडा तीव्र चढ. पंधरा मीटर म्हणजे चार-पाच मजली इमारत. दोर असल्याशिवाय तिथून जाता येत नाही. मग हा अदृश्य कातळ कागदावर ओळखायचा कसा? याचं उत्तर आपल्या खडकात आहे. दख्खनचा हा प्रदेश लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी बनला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि इथे हे थर जवळजवळ आडवे आहेत. भाकरींची चवड रचावी तसे. कठीण थराचा उभा कातळ होतो, त्याच्यावरच्या मऊ थराची झीज होऊन सपाट पदर तयार होतो. थर आडवे असल्यामुळे डोंगराच्या एका अंगाला ९०० मीटरवर कातळपट्टी असेल तर दुसऱ्या अंगालाही त्याच उंचीच्या आसपास ती असणार असं धरून चालायचं. नकाशावर एका ठिकाणी रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, किंवा कड्याची खूण दिसली, की तीच उंची बोटानं धरून सबंध डोंगराला प्रदक्षिणा घालायची. जिथे रेषा मोकळ्या वाटतात तिथेही संशय ठेवायचा. वर जायला वाट बहुधा तिथे सापडते जिथे एखादी घळ ती पट्टी कापून खाली उतरते, किंवा जिथे सोंडेवर दगडमाती साचून पट्टी झाकली गेली आहे.

हीच युक्ती पाण्याला लागू पडते, आणि आमच्यासाठी ती जास्त मोलाची होती. दोन थरांच्या मधे पुष्कळदा तांबड्या मातीसारखा पातळ थर असतो, किंवा सच्छिद्र खडक असतो. वरून मुरलेलं पाणी अशा ठिकाणी अडतं आणि डोंगराच्या कुशीतून पाझरून बाहेर येतं. त्यामुळे झरेही पुष्कळदा एकाच उंचीवर ओळीनं सापडतात. एका झऱ्याची उंची नोंदवली की त्या समोच्च रेषेनं दोन्ही बाजूंना जिथे जिथे घळ आहे तिथे जाऊन बघायचं. सगळीकडे पाणी मिळत नाही. पण नुसतं भटकण्यापेक्षा कितीतरी अधिक ठिकाणी मिळतं. एका वाडीत असा झरा दाखवला तेव्हा तिथल्या मावशींनी शांतपणे सांगितलं की तो त्यांच्या सासूच्या सासूलाही माहीत होता. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

टेबलावरचं शेवटचं काम म्हणजे शब्दांतली वाट. निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकानं उद्याची वाट वहीत शब्दांत लिहायची. माझ्या जुन्या वहीतला एक मजकूर असा आहे : "वाडीतून निघून ओढा उजव्या हाताला ठेवून एक किलोमीटर. डावीकडून दुसरा ओढा मिळतो. तो ओलांडून मधल्या सोंडेवर चढ, १२० मीटर, आधी सौम्य मग खडा. सोंडेवर सपाट पदर, रुंदी दोनशे मीटर. पदराच्या मागे कातळ असणार. डावीकडे वळून त्याच उंचीवरून खिंडीखालच्या घळीपर्यंत. खिंडीपलीकडे उतार सुरू झाला तर फार पुढे आलो." शेवटचं वाक्य लिहायचा नानांचा आग्रह असे. कुठे पोचायचं हे सगळेच लिहितात. कुठे पोचलो म्हणजे चुकलो, हेही आधी लिहून ठेवायचं. धुकं उतरल्यावर डोकं काही ठरवण्याच्या स्थितीत नसतं, तेव्हा आदल्या दिवशी कोरड्या डोक्यानं लिहिलेली ओळ उपयोगी पडते.

वेळेचा अंदाजही त्याच वहीत. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली दिलेला आडाखा अजून वापरात आहे : सपाटीवर तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सहा किलोमीटर अंतर आणि सहाशे मीटर चढ असेल तर सव्वादोन तास होतात. स्कॉटलंडमध्ये होत असतील. आमच्याकडे ऑक्टोबरातलं कमरेएवढं गवत, घसारा आणि उतरताना लागणारे गुडघे धरून आम्ही त्याची दीडपट करत असू, आणि मोजमापं घेत जायचं असेल तर दुप्पट.

एवढं झाल्यावर चालणं. चालताना नकाशा समोरच्या जमिनीशी जुळवून धरायचा. उत्तर वर ठेवायचा आग्रह फक्त भिंतीवर. समोरचा डोंगर समोर, उजवीकडचा ओढा उजवीकडे असा कागद फिरवला की अक्षरं उलटी-आडवी होतात. नावांवर विसंबणाऱ्याची तिथे पंचाईत होते. होकायंत्र जवळ असतंच, आणि महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आतबाहेर असल्यामुळे पायी चालणाऱ्यानं त्याची फिकीर केली नाही तरी चालतं. फिकीर करायची ती हातातल्या पहारीची, जीपच्या बॉनेटची आणि खिशातल्या मोबाइलची. आपला काळा कातळही लोहयुक्त आहे आणि काही ठिकाणी तो स्वतःच सुई हलवतो, म्हणून उघड्या खडकावर होकायंत्र ठेवून दिशा घ्यायची नाही. हातात धरून घ्यायची, आणि दोन जागांवरून घेऊन ताडून बघायची.

एक युक्ती नव्यांना सांगितली की त्यांना ती आधी चुकीचीच वाटते. समजा पठार ओलांडून पलीकडच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्यावर पोचायचं आहे आणि मधे काही खूण नाही. नेम धरून सरळ बंधाऱ्यावर चालत गेलात तर थोडं इकडेतिकडे होतंच, आणि ओढ्याला लागल्यावर बंधारा डावीकडे राहिला की उजवीकडे हे कळत नाही. म्हणून नेम मुद्दाम दोनशे मीटर डावीकडे धरायचा. ओढा लागला की न थांबता उजवीकडे वळायचं. थोडं जास्त चालणं होतं, पण शंका राहत नाही.

मोबाइलचा विषय टाळता येणार नाही. हरिश्चंद्रगडाच्या वाटांवर शनिवार-रविवारी येणारी शहरातली मुलं फोनमध्ये कुणाची तरी चाललेली रेघ उतरवून आणतात आणि निळ्या ठिपक्याला त्या रेघेवर ठेवत चालतात. मला फोनचं वावडं नाही; माझ्याही खिशात तो असतो आणि कामाच्या जागेची नोंद मी त्यावरच करते. पण ठिपका फक्त आपण कुठे आहोत ते सांगतो. पुढच्या घळीत काय आहे, वाट तुटली तर कोणती सोंड सोयीची, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. फोनवरच्या समोच्च रेषाही अनेकदा उपग्रहीय किंवा अवकाशयानातल्या रडारच्या मोजणीवरून काढलेल्या असतात. त्यांतली प्रसिद्ध मोजणी फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या यानातून झाली. तिच्या आकडेवारीत दर तीस मीटरला एक उंची. तीस मीटरच्या त्या जाळ्यात सह्याद्रीतली अरुंद नाळ बुजून जाते आणि उभा कडा गुळगुळीत उतार होतो. रेघ मऊ दिसते म्हणून पाय टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिवाय जुनी कागदी शीट आणि फोन यांची मूळ मापनपद्धती वेगळी आहे. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे फोनमध्ये घातले तर आमच्या भागात शंभरएक मीटरचा फरक पडतो. पठारावर शंभर मीटर काहीच नाहीत. कड्याच्या कडेला शंभर मीटर बरेच होतात.

यावर कुणी म्हणतं, गावातला माणूस सोबत घेतला की नकाशा कशाला हवा? सोबत घ्यायचाच. पण नकाशा वाचून गेलेला माणूस त्याला वेगळे प्रश्न विचारतो. "बाबा, वर जायला वाट आहे का?" असं विचारलं तर उत्तर येतं, "हाये की." त्यांच्यासाठी ती असतेच. त्याऐवजी "या दोन सोंडांच्या मधल्या घळीत कातळ लागतो का?" असं विचारलं तर म्हातारा थांबतो, हातातली काठी टेकतो आणि म्हणतो, "लागतो ना. दीड पुरुष हाये. पन डाव्या अंगानं गुरं चढत्यात." दीड पुरुष म्हणजे आठ-नऊ फूट. वीस मीटरच्या रेषांत न मावलेला कातळ त्या एका वाक्यात आला. हे उत्तर लगेच शीटवर पेन्सिलीनं लिहून ठेवायचं. आमच्या संस्थेतल्या शीटवर छापलेल्या मजकुरापेक्षा असा पेन्सिलीचा मजकूर जास्त झाला आहे.

गाव नकाशा हा आणखी वेगळा प्राणी. तो भूमी अभिलेखाचा; त्यात गट नंबर, बांध, शिवा सगळं आहे, फक्त उंची नाही. तेहेतीस फुटांच्या साखळीनं मोजलेली जमीन त्यात सपाट होऊन बसते. टोपोशीटला उतार कळतो आणि मालक कळत नाही, गाव नकाशाला मालक कळतो आणि उतार कळत नाही. समतल चर तर समोच्च रेषेनं जातो आणि वाटेत पाच-सहा गट ओलांडतो. तेव्हा दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून, कोणाच्या बांधातून रेष जाते ते बघून, मगच ग्रामसभेत जायचं. नाहीतर पहिली पहार पडायच्या आधीच काम अडतं. यात लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण तो पायी चालण्याचा भाग नव्हे, बसून ऐकून घेण्याचा आहे.

पूर्वी या शीट मिळवणं हेच एक काम होतं. किनाऱ्यापासून आणि सीमेपासून ठरावीक अंतरातल्या शीट निर्बंधित असत, त्यामुळे कोकण आणि घाटमाथ्याचा बराच भाग सामान्य माणसाला मिळत नसे. बाकीच्यांसाठी पुण्यात आळंदी रस्त्यावरच्या कार्यालयात जावं लागे. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं नागरिकांसाठी खुली मालिका वेगळी काढली आणि २०१७पासून ती संकेतस्थळावर आली. आता भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,०००ची शीट पैसे न देता उतरवून घेता येते. जुनी क्रमांकपद्धतही समजून घ्यायला अवघड नाही. चार अंश लांबी-रुंदीच्या मोठ्या चौकोनाला एक आकडा, त्याचे सोळा भाग इंग्रजी अक्षरांचे, त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. पुणे शहर ४७ एफ/१४ मध्ये, हरिश्चंद्रगड ४७ ई/१५ मध्ये. नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, पण संकेतस्थळावर गाव शोधून शीट सापडते.

तेव्हा पुढच्या डोंगरवारीच्या आधी आपल्या भागाची शीट उतरवून घ्या आणि मोठ्या कागदावर छापून आणा. फोनच्या पडद्यावर हे काम होत नाही. वर ट्रेसिंग पेपर ठेवा, निळी आणि लाल पेन्सिल घ्या, आणि जिथे जायचं आहे त्या डोंगराच्या घळी आणि धारा ओढा. लाल रेघ निळीला कुठेही छेदत नाही असं झालं की वाट वहीत लिहा. दोन संध्याकाळी पुरतात. ट्रेसिंग पेपर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.